घोडा कोणाचा, गाडी कोणाची?



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला की श्रोते लढाया, तह आणि राज्यक्रांत्या ऐकण्याच्या तयारीने येऊन बसतात. आज आम्ही ज्या विषयाला हात घालणार आहोत, तो यांपैकी कशातच मोडत नाही. मोटार विकली म्हणजे ती घेणाऱ्याच्या नावावर करून देण्यासाठी जे कागद करावे लागतात, त्या कागदांचा हा इतिहास आहे. विषय रुक्ष आहे हे आम्ही जाणतो. परंतु ज्या कागदावाचून एखाद्याचे घर अडचणीत येते तो कागद रुक्ष असला तरी क्षुद्र म्हणता येत नाही. आणि असे घर अडचणीत आलेले आम्ही जवळून पाहिले आहे.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, त्यांच्याकडे एक जुनी जीप होती. शिरूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करण्यासाठी ती घेतलेली. धंदा बदलला तशी जीप विकायला काढली. भीमेपलीकडच्या, दौंड तालुक्यातल्या एका गृहस्थाने ती घेतली. रक्कम रोख मिळाली, चहा झाला, किल्ली हातात गेली. विक्रीच्या छापील अर्जांवर अण्णांनी सह्या केल्या. बाकीचे रकाने कोरेच राहिले. “पाहुणं, काळजी करू नका, आठ दिवसांत नावावर करून घेतो,” असे सांगून गृहस्थ निघून गेले. त्यानंतर सहा वर्षांनी मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आमच्या दारी आली. जीपने एका ऊसतोड मजुराला चिरडले होते. चालवणारा कोण, जीप तोवर किती हातांतून फिरली, यांतले अण्णांना काहीच ठाऊक नव्हते. पण दप्तरात मालक म्हणून नाव होते ते अण्णांचे.

“विकलेली गाडी माझी कशी?” हा अण्णांचा प्रश्न होता. या एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही बरेच मागे गेलो आणि आमच्याच दोन गावांच्या इतिहासात जाऊन पोहोचलो. तो शोध आज आपल्यापुढे मांडतो.

शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व कडेची गावे. शिरूर घोडनदीच्या काठी वसले आहे, म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी गावाचे नावही घोडनदी असेच असते. दौंड भीमेच्या काठी. दोन्ही ठिकाणी नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. पलीकडे पूर्वीचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा लागतो. घोडनदी पुढे भीमेला मिळते, तेव्हा पाण्याच्या नात्याने ही दोन गावे बहिणीच होत. परंतु इतिहासाने एकीला घोडा दिला आणि दुसरीला आगगाडी. मालकी म्हणजे काय आणि ती कागदावर कशी उतरते, याचे दोन वेगवेगळे धडे या दोन गावांना त्यामुळे मिळाले. मोटार आली ती या दोन्ही धड्यांनंतर.

प्रथम घोड्याकडे वळू. घोडा म्हणजे त्या काळचे महागातले वाहन, आणि सैन्य घोड्यावर चालत असल्यामुळे घोडा कोणाचा हा प्रश्न राजाच्या तिजोरीशी जोडलेला होता. सरदाराने इतके घोडे बाळगावेत म्हणून त्याला जहागीर किंवा रोख वेतन मिळे. हजेरीच्या दिवशी तो शेजाऱ्याचे घोडे उसने आणून उभे करी, आणि हजेरी संपली की ते परत पाठवी. या लबाडीवर दिल्लीच्या अल्लाउद्दीन खिलजीने उपाय काढला तो दाग आणि हुलिया यांचा. दाग म्हणजे घोड्याच्या अंगावर तापल्या लोखंडाचा डाग, आणि हुलिया म्हणजे स्वाराचे वर्णन. पुढे १५७३-७४च्या सुमारास अकबराने हीच पद्धत नव्याने बसवली. घोड्याचा रंग, कपाळावरचा टिळा, पायांचा पांढरेपणा, अंगावरच्या खुणा हे सारे वहीत उतरू लागले. घोडा बोलत नाही, पण डाग आणि वही एकत्र ठेवली की त्याच्याबद्दल कोणी खोटे बोलू शकत नाही, हे यामागचे शहाणपण होते.

आपल्याकडे शिवछत्रपतींच्या घोडदळात हाच प्रश्न अधिक नेमकेपणाने सोडवलेला दिसतो. तेथे स्वार दोन प्रकारचे असत. बारगीर सरकारी पागेतला घोडा घेऊन चाकरी करी. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन येई. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार अशी पागेची रचना होती. लष्कर दसऱ्याला मुलुखगिरीस निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी होई, आणि पावसाळ्यापूर्वी परतल्यावर त्या यादीवरून झडती होई, असे सभासदाने लिहून ठेवले आहे. बारगिराचा घोडा पडला तर तोटा सरकारचा, शिलेदाराचा पडला तर तोटा त्याचा स्वतःचा. घोड्यावर बसणारा आणि घोड्याचा धनी या दोन व्यक्ती निरनिराळ्या असू शकतात, हे तत्त्व मराठी माणसाला तेव्हापासून ठाऊक आहे. “मी केवळ बसलो होतो, घोडा माझा नव्हे,” आणि “घोडा माझा खरा, पण बसलो मी नव्हतो,” ही दोन्ही वाक्ये पागेत रोज ऐकू येत असतील. आजच्या न्यायाधिकरणातही ती रोज ऐकू येतात. घोड्याच्या जागी जीप आली, इतकाच फरक.

शिरूरचा संबंध येथे येतो. १८१७ च्या पुणे तहानंतर इंग्रजांनी जे घोडदळ उभारले आणि जे पुढे ‘पूना हॉर्स’ या नावाने प्रसिद्ध झाले, त्याचे ठाणे शिरूरच्या छावणीत दीर्घकाळ होते. हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे. स्वाराने घोडा स्वतःचा आणावा, सरकारने त्याला महिन्याचे ठरीव वेतन द्यावे, असा करार असे. रिसाल्यातल्या अशा एका घोड्याच्या जागेला ‘असामी’ म्हणत. असामीला किंमत होती आणि ती विकतही घेतली जाई. ज्याच्याजवळ पैसा असे, तो एकाहून अधिक असाम्या बाळगून त्यांवर दुसऱ्यांना बारगीर म्हणून बसवी. अर्थात असामी कोणाच्या नावावर आहे हे रिसाल्याच्या दप्तरात पाहिल्यावाचून कळत नसे; घोड्यावर बसलेल्या माणसाकडे पाहून कळत नसे. अशा रिसाल्यांत ‘चंदा फंड’ म्हणून एक ठेव असे. प्रत्येक शिलेदार दरमहा तीत काही रक्कम भरी, आणि घोडा मेला तर नव्या घोड्यासाठी त्यातून साहाय्य मिळे. आजच्या मोटारविम्याची ही पणजी म्हणावयास हरकत नाही. शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धानंतर मोडीत निघाली.

घोड्याच्या या साऱ्या दप्तराचा उद्देश कोणता होता, तो येथे ध्यानात ठेवावा. सरकारने ज्या घोड्याचे पैसे दिले तो घोडा खरोखर आहे की नाही, हे पाहणे एवढाच तो होता. दप्तर राजासाठी होते. त्या घोड्याच्या टापेखाली एखादे पोर सापडले तर त्याच्या आईने कोणाकडे जावे, याचे उत्तर त्या वहीत कोणी शोधत नसे.

आता दौंडकडे जाऊ. पुण्यापासून पूर्वेकडे दिक्साळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, त्या वर्षी दौंडला आगगाडी आली. पुढे १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग खुला झाला आणि दौंड जंक्शन झाले. मुंबईचा माल, सोलापूरचा माल, खानदेशाकडचा माल येथून जाऊ-येऊ लागला, आणि त्याबरोबर या भागातल्या व्यापाऱ्याला एका नव्या कागदाची ओळख झाली. हा कागद म्हणजे रेल्वेची पावती, जिला व्यापारी बिल्टी म्हणतात.

बिल्टीचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. धान्याची पोती वाघिणीत, वाघीण रुळावर, आणि धनी आपल्या पेढीवर; तरीही तो माल विकू शकतो. बिल्टीच्या पाठीवर सही करून ती दुसऱ्याच्या हाती दिली की मालावरचा हक्क त्याच्याकडे जातो. १९३० च्या माल विक्री कायद्याने रेल्वे पावतीला मालाच्या हक्काचा दस्तऐवज असे स्पष्टपणे मानले आहे. ज्याच्या हाती कागद त्याचा माल, हा धडा स्टेशनाच्या मालधक्क्याने दौंडला दिला.

याच्या जोडीला जनावरांच्या बाजाराचा धडा होताच. भीमेपलीकडे काष्टीचा बाजार, उत्तरेस जुन्नर तालुक्यात बेल्ह्याचा बाजार. तेथे बैलांचा सौदा कसा होई ते आपल्यांतल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. दलाल दोघांच्या हातांवर रुमाल टाकी, रुमालाखाली बोटे दाबली जात, आणि भाव ठरे. मग दात पाहावेत, चालवून पाहावे, पैसे मोजावेत आणि दावे हातात घ्यावे. बाजाराची पावती फाडली की व्यवहार पुरा. बैल दुसऱ्याच्या दावणीला गेला की पहिल्या धन्याचा त्याच्याशी संबंध तुटला. जंगम वस्तूच्या विक्रीचा कायदाही मुळात हेच सांगतो: दोघांची संमती झाली, वस्तू दिली-घेतली गेली, की मालकी बदलली.

म्हणजे शिरूरच्या छावणीने शिकवले की धनी कोण हे दप्तर सांगते, दौंडच्या स्टेशनाने शिकवले की धनी कोण हे हातातला कागद सांगतो, आणि बाजाराने शिकवले की धनी कोण हे हातातले दावे सांगते. छावणी उठली, रिसाले गेले, आणि पहिला धडा लोक विसरले. स्टेशन आणि बाजार राहिले, म्हणून उरलेले दोन धडे अंगवळणी पडले. आमचे अण्णा याच दोन धड्यांवर वाढलेले. जीप दिली, किल्ली दिली, कागद दिले. आता आपला काय संबंध? बैल विकताना हे पुरले असते. मोटारीला पुरले नाही.

ते का पुरले नाही, हे समजण्यासाठी मोटारीचे दप्तर कशासाठी जन्मले ते पाहिले पाहिजे. मोटारीचा वेग हे त्याचे कारण. घोडा किंवा बैलगाडी कोणाला धडकली तर हाकणारा तेथेच सापडे. तो बहुधा त्याच पंचक्रोशीतला, त्याला ओळखणारी चार माणसे जवळ असत. मोटार धडक देऊन क्षणात दिसेनाशी होते आणि तिला कोणी ओळखतही नाही. म्हणून १८९३ मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला की प्रत्येक मोटारीवर धातूची पट्टी असावी, आणि तीवर मालकाचे नाव, पत्ता व क्रमांक स्पष्ट लिहिलेला असावा. पळत्या गाडीवरचे नाव-पत्ता कोण वाचणार? पुढे केवळ क्रमांक उरला आणि नाव-पत्ता सरकारी वहीत गेला. इंग्लंडात १९०३ चा कायदा होऊन १९०४ च्या आरंभापासून नोंदणी सुरू झाली. आपल्याकडे मुंबई इलाख्याने १९०४ मध्येच मोटारींचा कायदा केला, आणि १९१४ मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला.

या पट्टीत एक मोठे स्थित्यंतर दडलेले आहे. घोड्याचा डाग राजाने वाचायचा होता. मोटारीचा क्रमांक वाचायचा आहे तो रस्त्यावर पडलेल्या माणसाने, किंवा त्याला पाहणाऱ्या वाटसरूने. दप्तराचा धनीच बदलला. जी वही तिजोरीच्या राखणीसाठी निघाली होती, ती आता अनोळखी माणसाच्या राखणीसाठी उघडली गेली.

हा उद्देश पुढच्या कायद्यांत अधिकाधिक ठळक होत गेला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ३१वे कलम मालकीबदलाच्या नोंदीसाठी होते. त्याच कायद्यातले तिऱ्हाइताच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. गाडीचा मालक आणि विमा कंपनी हे करारातले दोन पक्ष. ज्याला गाडी धडकेल तो तिसरा, म्हणून तिऱ्हाईत. त्याचा विमा काढल्यावाचून गाडी रस्त्यावर आणता येणार नाही असे ठरले. १९५६ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्तांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची सोय झाली, आणि गरिबाला दिवाणी दाव्याच्या लांब वाटेने जाण्याची गरज उरली नाही.

याच काळात आमच्या भागात मोटार रुळली. शिरूरला आगगाडी नाही. त्याचे सारे दळणवळण पुणे-नगर रस्त्यावर. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती याच रस्त्यावर, नगरहून पुण्याकडे, शिरूरवरून. पुढे ट्रक आले, जीपगाड्या आल्या, साखर कारखान्यांबरोबर ट्रॅक्टर आले. गेल्या शतकाच्या शेवटी रांजणगावला औद्योगिक वसाहत होऊन फियाटचा कारखाना उभा राहिला, आणि ज्या तालुक्यात रिसाल्याचे घोडे बांधलेले असत त्या तालुक्यात मोटारी तयार होऊ लागल्या. नवी मोटार शहरात जाते; तीच दहा-बारा वर्षांनी तिसऱ्या-चौथ्या हाताने शिरूर, न्हावरे, पारगाव, चौफुला या रस्त्यावर परत दिसते. आमच्या भागात जुन्या गाडीचा व्यवहार जितका चालतो, तितका नव्या गाडीचा चालत नाही.

आणि हा व्यवहार कसा चालतो? कोऱ्या अर्जांवर सह्या घेऊन. पहिला विकतो, दुसरा ते सही केलेले अर्ज तसेच खिशात ठेवतो, आणि गाडी विकताना गाडीबरोबर तेच तिसऱ्याला देतो. मधल्या कोणाचेच नाव दप्तरात चढत नाही. नोंदणीच्या पुस्तकाला बिल्टीसारखे वागवण्याचा हा प्रकार आहे; पाठीवर सही केली की कागद हातोहात फिरेल, असा समज. परंतु नोंदणी प्रमाणपत्र ही बिल्टी नव्हे. ते हाती धरल्याने कोणी मालक होत नाही, आणि ते हातावेगळे केल्याने कोणाची मालकी दप्तरातून सुटत नाही.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. हीच माणसे जमीन घेताना सातबारा काढतात, तलाठ्याकडे फेरफार टाकतात, नोंद मंजूर होईपर्यंत रात्री झोपत नाहीत. जमीन जाग्यावरून हलत नाही, कोणाच्या अंगावर जात नाही. तिच्या नावाची इतकी काळजी! मोटार दिवसाला शंभर माणसांच्या अंगावरून जाता जाता राहते, तिच्या नावाची मात्र कोणाला पर्वा नाही.

आता विद्यमान कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. १९३९ च्या कायद्यातल्या मालकाच्या व्याख्येत दप्तरातल्या नावाचा उल्लेख नव्हता; १९८८ च्या कायद्याने स्पष्ट सांगितले की ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक. अज्ञान मुलाच्या नावावर असेल तर त्याचा पालक, आणि हप्त्याच्या किंवा कर्जाच्या करारावर असेल तर कराराप्रमाणे ताबा असलेला मनुष्य, एवढेच अपवाद. विकणाऱ्याने विक्रीपासून चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावयाचे आणि त्या पत्राची प्रत घेणाऱ्याला पाठवावयाची. घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावयाचे. गाडी परराज्यात विकली असेल तर विकणाऱ्याला पंचेचाळीस दिवसांची मुदत, आणि सोबत ना-हरकत दाखला. विकणाऱ्याच्या सूचनेचा नमुना २९. मालकीबदलाच्या अर्जाचा नमुना ३०, ज्याचा पहिला भाग विकणाऱ्याचा आणि दुसरा घेणाऱ्याचा. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर ते फिटल्याची नोंद नमुना ३५ ने करून घ्यावी लागते. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवतात तसाच हा प्रकार. लिलावात घेतलेल्या गाडीचा नमुना ३२. मालक वारला तर नमुना ३१. वारसाने तीस दिवसांत कार्यालयाला कळवले तर तीन महिने तो गाडी वापरू शकतो, आणि तेवढ्यात त्याने ती आपल्या नावावर करून घ्यावी. २०२१ पासून मालकाला आपल्या हयातीतच वारस म्हणून एखाद्याचे नाव नोंदवून ठेवण्याचीही सोय झाली आहे.

या अर्जांवर एक जागा असते, तेथे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चॅसिस क्रमांकाचा ठसा घ्यायचा असतो. क्रमांकावर कागद ठेवून वरून शिसपेन्सिल घासतात आणि आकडे कागदावर उमटतात. कार्यालयाबाहेर उन्हात बॉनेट उघडून पेन्सिल घासणारा पोरगा आम्ही प्रथम पाहिला तेव्हा आम्हांला अकबराची हजेरी आठवली. हा मोटारीचा डाग. गाडी तीच आहे, उसनी आणलेली नाही, याची साक्ष आजही जनावराच्या अंगावरूनच घ्यावी लागते! आता अर्ज ‘वाहन’ नावाच्या संगणकीय प्रणालीत भरतात, मोबाइलवर आकडी खूण येते, आणि पुस्तकाच्या जागी कार्ड आले आहे. लोक मात्र त्याला अजून आर.सी. बुकच म्हणतात.

शिरूरच्या मोटारीचे दप्तर पुण्याच्या कार्यालयात, म्हणून तिच्यावर एम.एच. १२, दौंड तालुका बारामतीच्या कार्यालयाकडे, म्हणून तेथल्या नव्या मोटारीवर एम.एच. ४२. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर क्रमांक बदलत नाही. पुण्याच्या क्रमांकाची गाडी दौंडला जन्मभर त्याच क्रमांकाने फिरू शकते, आणि म्हणून क्रमांक पाहून मालक कोठला हे सांगता येत नाही. ते फक्त दप्तर सांगते; अर्थात दप्तराला कोणी सांगितले असेल तर.

विकणाऱ्याने कळवले नाही तर काय होते, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिले. एक मोटार २००७ मध्ये विकली गेली, त्यानंतर ती एकामागून एक अनेक हातांतून फिरली, आणि २००९ मध्ये तिच्याकडून अपघात घडला. दप्तरात नाव होते ते पहिल्याच मालकाचे. न्यायालयाने ठरवले की कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. अपघातात सापडलेल्याने गाडीच्या मागे लागून ती कोणी कोणाला विकली याची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा कायदा करू शकत नाही, हे त्यामागचे कारण.

यावर श्रोत्यांच्या मनात आक्षेप येणे साहजिक आहे, आणि तो आमच्याही मनात होता. ज्याच्या हाती गाडी नाही, चाक नाही, ज्याने चालकाला कधी पाहिलेही नाही, त्याच्यावर बोजा टाकणे हा न्याय कसा? पैसे घेऊन गाडी वापरणारे मधले चार जण मोकळे, आणि साधा मनुष्य अडकला! या आक्षेपात तथ्य आहे. कायद्यालाही ते उशिरा का होईना पटलेले दिसते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकारपत्र घेण्याचा नियम झाला. अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना नमुना २९ग ने कार्यालयात गेली की तो व्यापारी मानीव मालक होतो, आणि पुढची जबाबदारी त्याच्याकडे जाते. पण आमच्या भागातले बहुतेक सौदे व्यापाऱ्यामार्फत होत नाहीत. ते पाहुण्यारावळ्यांत, पारावर, हॉटेलच्या बाकावर होतात. तेथे विकणाऱ्याची ढाल एकच: त्याने स्वतः दिलेली सूचना.

आता अण्णांची हकीकत पुरी करतो. विम्याची मुदत संपून गेलेली होती. जीप शेवटी ज्याच्याकडे होती तो सापडला, पण त्याच्याजवळ काही नव्हते. मधला गृहस्थ म्हणाला, मीही विकली. तारखांवर तारखा पडत होत्या आणि प्रत्येक तारखेस अण्णा घरी येऊन संतापत. एके दिवशी मात्र ते गप्प आले. न्यायालयाच्या ओसरीत मजुराची बायको शेजारच्याच बाकावर बसली होती. बीडकडची बाई, मांडीवर लहान मूल. तिने अण्णांना ओळखले नाही. तिच्या हातात नोटिशीची प्रत होती आणि ती एका कारकुनाला विचारत होती, “हे नाव ज्यांचं हाय, ते भले माणूस हायेत का?” तिला गाडीची साखळी ठाऊक नव्हती, दलाल ठाऊक नव्हते. नवऱ्याच्या मरणाचा जाब विचारण्यासाठी तिच्यापाशी एवढे एकच नाव होते.

अण्णांनी त्यानंतर वाद घातला नाही. लोकअदालतीत तडजोड झाली. शेताचा एक तुकडा विकून त्यांनी रक्कम भरली. ती जमीन आमच्या वडिलांनी घेतलेली होती, आणि ती जाताना घरात कोणी जेवले नाही, हेही सांगितले पाहिजे. जे चौदा दिवसांत पोस्टाच्या एका पाकिटाने झाले असते, त्याची ही किंमत.

सौदा दोघांत होतो आणि दोघांत पुरा होतो, हे बाजाराचे म्हणणे खरे आहे. परंतु रस्त्यावर तिसरा मनुष्य असतो. तो सौद्याच्या वेळी हजर नसतो, त्याला कोणी विचारलेले नसते, आणि तो कोण हे त्यालाही तेव्हा ठाऊक नसते. दप्तर त्याच्यासाठी आहे. राजासाठी निघालेली वही कालांतराने त्या मजुराच्या बायकोच्या हाती आली, ही या रुक्ष इतिहासातली मोलाची घडामोड होय. म्हणून आपली गाडी विकाल तेव्हा कोऱ्या कागदावर सही करू नका. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख आपल्या हाताने भरा. नमुना २९ आपण स्वतः दाखल करा आणि त्याची पोच जपून ठेवा. महिन्याने दप्तरात पाहा की नाव बदलले की नाही. गाडी घ्याल तेव्हा नाव चढवण्यात आणि विमा आपल्या नावावर करून घेण्यात एक दिवसही दवडू नका.

घोडनदीच्या छावणीत पूर्वी स्वाराला विचारीत, “घोडा कोणाचा?” त्याला उत्तर द्यावे लागे, कारण वही समोर उघडी असे. आपल्या दारातल्या गाडीसंबंधी हाच प्रश्न कोणीही, केव्हाही विचारू शकतो. आपले उत्तर आणि वहीतले उत्तर एकच असावे, इतकीच आमची आपणांस विनंती आहे.